मावशींनी जपलेलं एकच गुपित

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. पँट आखूड करून घ्यायला आलेला माणूस चार घरांच्या भानगडी फुकटात ऐकून जायचा. एका गोष्टीबद्दल मात्र त्यांनी कधी ब्रही काढला नव्हता. त्यांच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधं झाली, डोक्याला रेडिएशन झालं, पोरगं बरं झालं. मावशींनी लगेच बिऱ्हाड हलवलं. कानामागे केस न उगवलेला चट्टा राहिला होता, त्यावर ‘पाळण्यातून पडला’ असं सुबक रफू केलं. लोकांना कळलं तर पोरगी कोण देणार? पुढे थापेला हातपाय फुटले आणि सून घरात येईपर्यंत मुलाला जन्मात साधी सर्दीही झालेली नव्हती.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेले काही महिने डोकं दुखत होतं, परवा तर कामावरच चक्कर आली. सून त्याला दवाखान्यात घेऊन निघाली, तशा मावशीही चपला घालून तयार. गुपिताला एकटं कसं सोडणार!

“लहानपणी काही मोठा आजार?” डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

“छे हो!” मावशी म्हणाल्या. “दगड पचवायचा!”

मुलाने उघडलेलं तोंड सवयीने मिटलं. सून पंख्याकडे बघत राहिली.

“मग अर्धशिशी असेल, गोळ्या देतो,” डॉक्टर लिहू लागले. “लहानपणी कॅन्सरसाठी डोक्याला रेडिएशन घेतलेलं असतं, तर आजच स्कॅनला पाठवलं असतं. अशांपैकी काहींना वीस-तीस वर्षांनीही मेंदूत गाठ होते. तुमचं तसं काही नाही, बरं आहे.”

मुलाने झटकन मान वर केली. पण त्याच्या आधी मावशीच ओरडल्या, “थांबा! घेतलंय त्याने! मी खोटं बोलले.” आणि सुनेसमोर अब्रू गेली म्हणून, पोराच्या काळजीने त्याहून जास्त, त्या हमसून रडू लागल्या.

सुनेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “आई, यांनी मला लग्नाआधीच सांगितलं होतं.”

“आणि गप्प बसलात?”

“तुला वाईट वाटेल म्हणून,” मुलगा म्हणाला. “मला वाटलं, बरा झालो, संपलं.”

मावशींचं रडणं थांबलं. आता त्यांना राग आला. “अरे, मग मी इतकी वर्षं लपवलं तरी कुणापासून?”

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद फाडला आणि स्कॅनसाठी नवा लिहायला घेतला.

“डॉक्टरांपासून,” सून म्हणाली.