जावयाने छाटलेला गुलाब

हसणार नसाल तर सांगतो. हसाल तरी सांगतोच म्हणा, कारण चुकलो मीच, आणि तेही कुठं? सासुरवाडीत, पहिल्या दिवाळसणाला!

मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मी तिसगावचा शेतकरी गडी, सासुरवाडी बेलापूरची. सासरे शाळेत गुरुजी, मी त्यांना मामा म्हणायचो. माणूस इतका मऊ स्वभावाचा, की वर्गातल्या पोरांनाही 'अहो' म्हणत असतील. त्यांच्या फाटकाच्या कमानीवर वेली गुलाब होता, पार पत्र्यावर गेलेला, लई माजलेला. आत शिरताना त्यानं माझी नवी टोपी काट्यात धरून ठेवली. तिथंच आमचं बिनसलं.

धाकटी मेव्हणी लता, तिचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. चहा देता देता ती सांगत होती, की फाल्गुनात हा गुलाब नुसता लालभडक होतो, आणि नवरदेवाला त्याच कमानीखालून आत आणायचं. मामा म्हणाले, वाळक्या फांद्या तेवढ्या काढायच्यात, कुणी माळी मिळतो का बघतो.

माळी? शेतकरी जावई घरात असताना?

"मामा, कोयता आणा," मी म्हणालो.

आता तुम्हीच सांगा, दिवाळसणाच्या जावयाला नाही कोण म्हणणार? रुसून बसला तर? आमच्या सुमननं, म्हणजे बायकोनं, आतून डोळे वटारले, पण सासूबाईंनी तिलाच गप्प केलं. मामांनी कोयता आणून दिला.

खरं सांगतो, गुलाबाला मी जन्मात हात लावला नव्हता. पण आमच्या विहिरीजवळ जनावरांसाठी घास असायचा. घास जितका बुडातून कापावा तितका जोमानं फुटतो, हे मी लहानपणापासून बघत आलेलो. म्हटलं, गुलाब काय आणि घास काय, दोन्ही हिरवंच की!

सपासप सुरू केलं. मध्येच मामा चाचरत म्हणाले, "अहो, या जुन्या लांब फांद्यांनाच फुलं येतात, असं म्हणतात..."

"लोक काहीबी म्हणतात, मामा."

ते "बरं, बरं" म्हणाले आणि माझा घाम पुसायला टॉवेल घेऊन उभे राहिले. सासूबाईंनी सरबत पाठवलं. मला वाटलं, कौतुक चाललंय! तासाभरात गुडघ्याएवढी चार खुंटं उरली.

मामांनी मोकळ्या कमानीकडे बघितलं. म्हणाले, "वा. उजेड छान येतोय."

लता आत जाऊन रडली, हे सुमननं मला परतीच्या एसटीत सांगितलं. मी म्हणालो, फाल्गुनात बघ तू.

फाल्गुनात बघितलं. हातभर पालवी आणि कळी एक न्हाई! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. लग्नाच्या आदल्या दिवशी बाजारातून दोन पोती झेंडू आणला आणि एकट्यानं बसून सगळी कमान मढवली. तारेनं बोटं सोलून निघाली. नवरदेव त्याखालून आला. सासरी निघताना लता माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "दाजी, झेंडूपण छान दिसला हं." तिच्या आईबापाआधी मीच रडलो.

पुढच्या दिवाळीला पुन्हा बेलापूर. बघतो तर काय, गुलाबानं कमान गाठलेली! माझी छाती फुगली. म्हटलं होतं ना, बुडातून कापलं की फुटतो? फक्त यंदा बुंध्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, चांगलं छातीएवढं.

मी म्हणालो, "बरं केलंत, मामा. आळीत शेळ्यांचा लई त्रास झालेला दिसतोय."

मामांनी चष्मा काढून पुसला. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "नाही हो. आळीत शेळी कुणाकडेच नाही. या, चहा घ्या."