चुंबकाच्या तडाख्यात सापडलेली दोन घड्याळं

चाकणच्या एका फाउंड्रीत रंभा क्रेन चालवते. उंचावरच्या काचेच्या केबिनमधून ती बैलगाडीच्या चाकाएवढा गोल चुंबक भंगाराच्या ढिगावर उतरवते, करंट सोडते आणि लोखंडाचा गठ्ठाच्या गठ्ठा उचलून भट्टीकडे नेते. लातूरकडून लग्न होऊन काळेवाडीत आली तेव्हा तिने साधी लिफ्टसुद्धा पाहिली नव्हती. फाउंड्रीत झाडलोटीला लागली, रोज मान वर करून क्रेन बघत राहिली, आणि एकदा सुपरवायझरला म्हणाली, "मला शिकवा की!" त्यांनी हसत हसत हो म्हटलं, आणि ती खरंच शिकली.

तिचं एक घड्याळ आहे. चावीचं, सोनेरी तबकडीचं, रुपयाच्या नाण्याएवढं. दहावी पास झाली तेव्हा वडिलांनी, सोपानरावांनी, घेऊन दिलेलं. वडील आता नाहीत. लग्नकार्याला, सणाला ते कपाटातून निघतं.

खंडेनवमीला फाउंड्रीत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी रंभा काठापदराची साडी नेसून, ते घड्याळ बांधून आली. चुंबकाची देखभाल करणारा इंजिनिअर सुजितही आला होता. आज जर्मनी, उद्या ब्राझील अशी त्याची नोकरी. त्याच्या मनगटावर जाडजूड पण हलकं घड्याळ होतं, उन्हावर चालणारं.

नारळ फुटला, आणि रिवाजाप्रमाणे खाली उतरवून ठेवलेला चुंबक एकदा सुरू केला. आजूबाजूचे नटबोल्ट टपाटप जाऊन चिकटले. तेवढ्यात चुंबकाला घातलेला झेंडूचा हार घसरला. सावरायला रंभाने हात घातला, सुजितनेही घातला.

"अरेच्चा, बंद पडलं!" सुजित मनगटाकडे बघत म्हणाला. त्याचा सेकंदकाटा जागीच थबकला होता. चुंबक बंद होताच तो पुन्हा चालू लागला. सुजितने शेडबाहेर मोकळ्या आभाळाखाली जाऊन एक बटण दाबलं. थोड्या वेळाने काटे आपोआप गरगर फिरले आणि नेमक्या वेळेवर येऊन थांबले.

"अगं माय! ह्यानं कुणाला इचारलं, सर?"

"वर. उपग्रहाला. कुठल्याही देशात उतरलो की तिथली वेळ असंच लावून घेतं."

रंभा बराच वेळ रिकाम्या आभाळाकडे बघत राहिली.

तिचं स्वतःचं घड्याळ टिकटिकत होतं, म्हणून ती निश्चिंत होती. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या तेव्हा कळलं, ते पाऊण तास पुढे पळालंय. नवरा ज्योतीराम म्हणाला, "जुनं झालं असेल." पण तिला ते पटेना. काटे वेड्यासारखे धावत होते. आपल्याच हाताने आपण वडिलांची वस्तू बिघडवली, असं वाटून तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दौलतरावांकडे गेली. काळेवाडीतच, मेडिकलला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिने क्रेनचं आणि सुजितच्या घड्याळाचं सांगितलं तसं त्यांनी घड्याळाजवळ होकायंत्र धरलं. सुई थरथरून वळली.

"चुंबकत्व शिरलंय, ताई. या, बघा." त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि भिंग तिच्या डोळ्याला लावलं.

आत केसाहून बारीक तारेची गुंडाळी होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटून बसले होते आणि अडखळत, घाईघाईने फडफडत होते. दौलतरावांनी घड्याळ चुंबकत्व घालवणाऱ्या एका छोट्या निळ्या डब्यावर ठेवलं, बटण दाबून धरलं आणि घड्याळ अलगद वर उचलत दूर नेलं.

"झालं."

"एवढंच?"

"आता बघा."

वेढे सुटे झाले होते. गुंडाळी शांतपणे मिटत होती, उमलत होती, झोपलेल्या बाळाच्या छातीसारखी. इतकी वर्षं मनगटावर बांधलं, पण आत हे चाललंय हे रंभाला माहीतच नव्हतं. टनभर लोखंड उचलणाऱ्या त्या जोराने एवढ्याशा तारेलाही गाठलं होतं.

"आन् सरांचं घड्याळ जरा थांबलं, पण त्याला पुढं कसं काही झालं न्हाई?"

"त्यात अशी तारच नसते. चुंबक जवळ असेल तेवढा वेळ काटे अडतात, पण त्याला चालवणारा स्फटिक असतो, त्याला चुंबकाचं काही वाटत नाही. तेही नवलच आहे म्हणा. मी उघडून बघितलंय, पण बघण्यासारखं आत काही हलतच नाही."

दोन गिऱ्हाइकं येऊन मागे उभी राहिली. रंभाने भिंग डोळ्यावरून काढलं नाही. दौलतरावांनी तिच्यापाशी स्टूल सरकवलं आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "जरा थांबा, भाऊ."