पाथरवटाच्या बायकोचं नाव

परवा पाटे-जाती टाकून देणाऱ्या पारूबाई दारात बसून आमच्या गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करत होत्या. प्रत्येक घावासरशी दगडाची बारीक पूड उन्हात चमकत होती. मी लिहीत असलेली कादंबरी बाजूला ठेवून ते बघत उभी राहिले.

"काय लिवता ताई?"

"हजार-बाराशे वर्षांपूर्वी लेणी कोरणाऱ्या एका पाथरवटाच्या बायकोची गोष्ट."

"नाव काय तिचं?"

मी गडबडले. ताम्रपटांत राजांची नावं मिळाली, राण्यांचीही मिळाली. हिचं कुठेच नव्हतं. सहा महिने मी तिला नुसतं 'पाथरवटाची बायको' म्हणत होते, आणि कागदावर ती काही केल्या बोलत नव्हती.

"नावच न्हाई?" पारूबाई खळखळून हसल्या. "मग जेवायला हाक कशी मारत्यात तिला?"

मलाही हसू फुटलं. खरंच, तिच्या आईनं हौसेनं काहीतरी ठेवलंच असेल की! मला सापडलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं मी धरून चालले होते.

पारूबाई गेल्यावर मी वहीत लिहिलं, "नागाई, ये गं, भाकरी निवतेय!"

आणि डोंगरावरून ती पहिल्यांदाच बोलली, "आले, आले! एवढ्या छिनीला धार लावून होऊ दे!"