बाभळीखालची फुल रेंज

या ग्रुपवर दर आठवड्याला कोणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. कधी घाटात, कधी पुलावर, कधी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर. वाचतो मी सगळं. पण खरं सांगू? माझं निम्मं आयुष्य जीपमध्ये गेलं... स्मशानात बसून डबा खाल्ला (सावली चांगली असते तिथं, आणि कोणी भाजी मागत नाही), पण मला आजवर कोण्या हडळीनं लिफ्टसुद्धा मागितली नाही. भुताची गोष्ट निघाली की मी हसतो, आणि असा हसतो की बडनेऱ्याला सुटायला निघालेली गाडी परत थांबते.

आणि हो — मी वाढवून सांगतो. आमच्या घरी म्हणतात, याच्या तोंडात सांडगी मिरची गेली तर बाहेर येताना भोपळा होऊन येते. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. यात वाढवायला काही जागाच नाही. जेवढं झालं तेवढंच इतकं आहे की वर मीठ टाकावंसं वाटत नाही.

तेव्हा माझा धंदा रेंज मोजायचा. अमरावतीचा एक ठेकेदार मोबाइल कंपन्यांसाठी हे काम घ्यायचा, आणि त्याच्याकडून मी. हातात धरायचा टेस्टर — दिसायला पोलिसाच्या वायरलेससारखा, वर बोटभर अँटेना, पोटावर कसलं तरी सिंहासारखं स्टिकर, त्यामुळं खेड्यात लोक त्याला सरकारी समजत. पडद्यावर कोणत्या टॉवरची रेंज आहे ते नाव यायचं आणि शेजारी पट्टी. लाल म्हणजे रेंज नाही, पिवळी म्हणजे असून नसल्यासारखी, हिरवी म्हणजे झकास. हिरवी झाली की टूं-टूं वाजायचं. एवढंच. त्या टेस्टरनं मी एकदा एका जावयाच्या मोज्यातला दुसरा मोबाइल शोधून दिला होता, पण ती गोष्ट वेगळी. आणि थोडी खोटी.

आमची कामाची पद्धत ऐका. जीप डांबरी रस्त्यानं चालवायची, टेस्टर खिडकीबाहेर धरायचा. रस्त्यावर पट्टी हिरवी आली की ऑफिसच्या नकाशात अख्खं गाव हिरवं. शेतात कोणी मोजत नव्हतं. शेतात माणूस कापूस वेचायला जातो, फोन करायला थोडीच — असा एसीत बसून काढलेला हिशोब. तिवशापासून चांदूर बाजारापर्यंत असा जिल्हा आम्ही हिरवागार केला. पाऊस नाही करू शकला ते आम्ही जीपमधून केलं.

जीप चालवायचे अकोल्याचे रहेमतचाचा. माझ्या थापा ऐकून ऐकून त्यांचा एक कान लहान झाला होता.

हे घडलं ते गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, त्या बाईला अजून तिथंच राहायचं आहे. गावात रेंज यायची फक्त एका ठिकाणी, युनूस टेलरच्या दुकानाच्या खिडकीत. म्हणून त्यानं गजाला खिळे ठोकले होते आणि गावातल्या बायांचे फोन पिशव्यांत घालून तिथं लटकलेले असायचे. घंटी वाजली की युनूस मशीन थांबवून ओरडायचा, "ओ रेखाबाई! भावाचा फोन हाये माहेरून!" मग रेखाबाई कणकेच्या हातानं पळत यायची. आमच्या नकाशात हे गाव हिरवं होतं. डांबरी रस्ता खिडकीसमोरूनच जायचा ना.

भर दुपारी आम्ही त्या खिडकीपाशी चहा पीत होतो. एक बाई आली. तिशीच्या आतली, गळा मोकळा. माझ्या हाताकडं बघत राहिली.

"भाऊ, रेंज मोजते काय हे?"

"ताई, रेंज काय घेऊन बसल्या!" मी सुरू झालो. "हे सासूच्या मनातलंबी मोजते!"

कोणी हसलं नाही. युनूसची शिलाई मशीन थांबली. चाचांनी मला कोपर मारलं.

मग युनूसनंच सांगितलं. बाईचं नाव वंदना. मागच्या हंगामात तिचा नवरा संजय फवारणी करताना गेला. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर ते साल आठवेल. कपाशी इतकी उंच झाली होती की त्यात उंट शिरला असता तर तिसऱ्या दिवशी सापडला असता. (उंटाचं मी घातलं. पण माणसाच्या डोक्यावर गेली होती हे खरं.) बोंडअळी काही मरेना, म्हणून औषधात औषध मिसळून मारायचे, आणि उंच झाडावर मारलेला फवारा वाऱ्यानं सरळ तोंडावर. संजय एकटाच शेतात गेला होता. संध्याकाळी बांधावरच्या बाभळीखाली सापडला, मुठीत फोन.

"त्या फोनात माहं नाव होतं," वंदना म्हणाली. "वर खाली, वर खाली, माहंच. लय डाव लावला त्यानं मले. माह्या सासूनं शेजारच्याकडून वाचून घेतलं. तवापासून म्हनते, माह्या लेकानं मरता मरता हिले हाका मारल्या अन् हिनं फोन उचलला नाई."

"अन् तुमचा फोन?"

"इथं, या खिय्याले. मी समोरच्या वट्यावर तूर निवडत बसली होती. वाजलाच नाई भाऊ."

युनूस म्हणाला, "मी दिवसभर हितंच होतो. एक घंटी नाई. बुढीले सांगतलं, तं म्हनते, तुही मशीन खडखड करते, तुले काय आयकू येईन."

माझ्या लगेच लक्षात आलं. रेंज नसली तरी नंबर दाबला की फोनात नाव उमटतं. लागलेला फोन आणि नुसता दाबलेला फोन त्या यादीत सारखेच दिसतात. हे मला माहीत, तुम्हाला माहीत. सत्तरीच्या बाईला कोण सांगणार?

"तुम्ही फोन शेतात नेऊन दाखवला का त्यांना? रेंज नसते म्हणून?"

"किती डाव. म्हनते, फोन तुहा, तू खोटी, तं फोनबी खोटा." ती खाली बघून बोलत होती. "माह्या हातचं पानी पेत नाई ते. ते तं जाऊ द्या. पोरीले सांगून राहिली. पोरगी पाच वर्षाची हाये, काल मले म्हने, आई, तू बाबाचा फोन काहून नाई उचलला? ... भाऊ, तुमचं मशीन सरकारी हाये. तिच्या डोयासमोर मोजा एक डाव."

चाचा हळूच म्हणाले, "अपना काम रोड का है, बावा. खेत में मत घुस." बरोबर म्हणत होते. पण मी कधी कोणाचं ऐकलं? छाती काढून म्हणालो, "ताई, माणूस खोटं बोलते, मशीन नाई बोलत. चला, बोलवा सासूबाईले!"

म्हातारीचं नाव कौसल्याबाई. वाकलेली, पण चाल अशी की आम्ही मागं पडत होतो. मुलाचा फोन तिच्या कमरेच्या बटव्यात. बंद पडलेलं सिम, तरी रोज चार्ज करायची म्हणे. वंदना पंधरा-वीस पावलं मागं. ती जवळ आली की म्हातारी वेग वाढवायची.

वाटेत मी शाळा घेतली. "हे पाहा माय. हिरवं म्हनजे रेंज हाये. लाल म्हनजे नाई. टूं वाजलं तं समजा फोन लागते." तिला वाचता येत नव्हतं, पण रंग काय कोणालाही कळतो. युनूसच्या दुकानापाशी हिरवी. शाळेपाशी पिवळी. नाला ओलांडला आणि पट्टी लाल झाली ती लालच. टॉवरचं नाव गेलं, आवाज गेला. संजयच्या शेतात शिरलो. कपाशी वेचून झालेली, पऱ्हाट्या उभ्या. मी टेस्टर पऱ्हाट्यांच्या या ओळीतून त्या ओळीत नेला, वर धरला, खाली धरला. लाल.

"पाहा माय. इथं फोन लागतच नाई. त्यानं नंबर दाबला, पन तो गावापर्यंत गेलाच नाई. सुनबाईचा फोन वाजन कसा?"

म्हातारी पट्टीकडं वाकली.

"म्हनजे त्यानं हाक मारली, अन् ते कोनाले आयकूच नाई आली?"

"हो माय."

"कोनालेच?"

"कोनालेच नाई."

तिचा चेहरा असा सैल पडला की मला वाटलं, खाली बसते. मग तिनं मान मागं वळवली आणि पहिल्यांदाच सुनेकडं पाहिलं. वंदना दोन पावलं पुढं आली. म्हातारी तिच्याशी काहीतरी बोलणार होती. मी शपथेवर सांगतो, तिचे ओठ हलले होते.

इथं मी जीपकडं परत फिरलो असतो तर...

पण म्हातारी म्हणाली, "तो पडला तिथं मोजा. तिथं नाई मोजलं तुमी."

बाभूळ बांधाच्या टोकाला. म्हटलं, चला, शिक्का मारून टाकू. मी बाभळीखाली गेलो आणि हातात टूं-टूं सुरू झालं.

पट्टी हिरवी. साधी हिरवी नाही, शेवटपर्यंत. एवढी पट्टी मी फक्त टॉवरच्या पायथ्याशी उभा राहून पाहिली होती. मी एक पाऊल मागं आलो — लाल. पुढं — हिरवी. चाचांना म्हटलं, तुमचा मोबाइल बघा. त्यांच्या मोबाइलवर रेंज नाही. माझ्या मोबाइलवर नाही. टेस्टर बंद केला, बॅटरी काढली, पुसली, घातली. चालू केला. हिरवी. आणि जिथं टॉवरचं नाव येतं ती जागा कोरी. रेंज पूर्ण, आणि येते कुठून त्याचा पत्ता नाही. असं होत नाही. होऊच शकत नाही. विहिरीत पाणी आहे पण विहीरच नाही, असं म्हटल्यासारखं आहे ते.

बाभळीखाली जागा केवढी? माणूस आडवा पडेल एवढी. मी टेस्टर कडेकडेनं फिरवून पाहिला. त्याच्या बाहेर काही नाही.

चाचांनी टोपी काढून परत घातली. "चल बावा," म्हणाले, "गाडी गरम हो रही." गाडी नाल्यापलीकडं सावलीत उभी होती.

"हिरवं झालं," म्हातारी म्हणाली.

मी जन्मभर थापा मारल्या, आणि लागली तेव्हा एक धड सुचली नाही. "मशीन... मशीन बिघडलं माय. ऊन लागलं त्याले."

"असं? तुमचं आयकून मी हो म्हनत होती तवा मशीन बरं होतं. आता बिघडलं?" आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमीच सांगतलं ना, टूं वाजलं तं फोन लागते. वाजून राहिलं. मशीन खोटं बोलत नाई म्हने."

तिनं टेस्टरपाशी कान नेला आणि ती टूं-टूं ऐकत उभी राहिली. डोळे मिटून. मग बटव्यावर हात ठेवून गावाकडं निघाली. सुनेच्या बाजूनं गेली, पदरसुद्धा लागू दिला नाही.

वंदना जागची हलली नाही. रडलीही नाही. बाभळीखालच्या मातीकडं बघून, नवऱ्याशी भांडावं तशी म्हणाली, "आता आली? आता आली काय रेंज? तवा कुठी मेली होती?"

टेस्टर माझ्या हातात वाजतच होता. मी बंद केला.

आता पुढचं. टेस्टर जे मोजतो ते आपोआप साठवतो आणि ऑफिसच्या नकाशात टाकतो. अमरावतीला आमच्या साहेबांनी पाहिलं की अरे वा, शेतातही फुल रेंज! त्या भागासाठी एक टॉवर मागितला होता म्हणे, तो या नोंदीवरून दुसरीकडं गेला. मी सांगितलं, साहेब, ती नोंद खरी नाही. साहेब म्हणाले, तुझ्या तोंडावर विश्वास ठेवू की मशीनवर?  मीच लोकांना ते वाक्य शिकवलं होतं.

इंजिनिअर लोकांना विचारलं. एक म्हणाला, लाटा कुठून कुठं आपटून एका जागी गोळा होतात. मग टॉवरचं नाव का नाही? तर म्हणाला, दारू सोड. दुसऱ्यानं टेस्टर उघडून पाहिला, काही दोष नाही. तोच टेस्टर मी पुढं दोन वर्षं वापरला, परत कधी असं केलं नाही त्यानं.

थोड्या दिवसांनी मी दुसरा, नवा टेस्टर मागून घेतला आणि एकटाच त्या शेतात गेलो. बाभळीखाली उभा राहिलो, बसलो, शेवटी लाज सोडून आडवा झालो. लाल. पूर्ण लाल. धावत गावात आलो, म्हातारी ओट्यावर नातीची वेणी घालत होती. म्हटलं, माय, नाही तिथं रेंज! नव्या मशीननं मोजलं, काहीच नाही!

तिनं वेणीतून डोळे काढले नाहीत. "आता नसन," म्हणाली. "तवा त्याच्याजवळ होती."

 स्पष्टीकरण मला तेव्हा सापडलं नाही, आज सापडलेलं नाही. त्या जागेत काय होतं, कोणासाठी होतं, आणि ज्याला हवं होतं त्याला न मिळता मला का मिळालं — तुमच्यात कोणी शहाणा असेल तर सांगा. मात्र "तुझा भ्रम असेल" असं लिहू नका. भ्रम झाला असता तर एकट्या मला झाला असता. त्यानं दुसऱ्याच्या घरात काही मोडलं नसतं.

त्या दुसऱ्या खेपेला निघताना वंदना जीपपर्यंत आली होती. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली,

"भाऊ, आता नका येऊ मोजाले. तुमी आले नवते तवा नुसता संशय होता तिले. आता मोजलेलं हाये."