निळं का विटकरी?

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, गुळाचा खडा तोंडात असल्याशिवाय कापसाचा भाव करता येत नसे. परतूरच्या बाजारात त्यांचा व्यापार होता. सदऱ्याच्या एका खिशात किल्ल्या, दुसऱ्यात गूळ. पन्नाशीनंतर पायाच्या अंगठ्याची जखम भरून येईना, सारखी तहान लागू लागली, तेव्हा ते आगगाडीने जालन्याला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर उर्दू बोलणारे. अंगठा कापावा लागेल अशी तंबी देऊन ते म्हणाले, "शक्कर बिलकुल बंद. एक दाना भी नहीं."

अण्णांचा स्वभाव असा, की ऐकायचं नसलं तर ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाहीत, आणि ऐकायचं ठरवलं तर सांगणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हावा. दाणा म्हणजे दाणाच. देवळातला प्रसादही ते कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवत. मी त्या वर्षी चांगलं बाळसं धरलं.

डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. नळीत औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. विटकरी झालं तर बसा रडत. आईला या प्रकाराची शिसारी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला मात्र त्या रंगांची भारी मौज वाटे. सकाळी अण्णा ओसरीवरून ओरडत, "निळं का विटकरी?" शेजाऱ्यांना वाटे, घरात लुगड्यांची खरेदी चालली आहे.

वाटलं तर बरंच होतं, कारण ही गोष्ट बाहेर कुणाला कळू द्यायची नव्हती. माझं लग्न ठरत होतं. बापाला साखरेचा आजार म्हटल्यावर तो पोरीच्या रक्तातही असणार, असं म्हणून लोक स्थळ मोडत. जालन्याचं स्थळ आलं होतं, मुलगा मला मनापासून आवडला होता आणि मी रोज देवाला एकच सांगत होते, अण्णांचं पितळ उघडं पडू देऊ नको.

साखरपुड्याच्या दिवशी बैठक भरली. मला कुंकू लागलं, ओटी भरली. आता व्याह्यांनी एकमेकांचं तोंड गोड करायचं. अण्णांनी मुलाच्या वडलांना पेढा दिला. "घेतो, घेतो," म्हणत त्यांनी तो हातात घेतला आणि साखरेची चिमूट अण्णांच्या तोंडापुढे धरली. अण्णांनी तोंड घट्ट मिटलं.

"आज माझा उपास हाय," ते दातांतून म्हणाले.

"मंग? उपासाला साखर चालती की!"

हे अण्णांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "ह्या उपासाला न्हाई चालत," ते कसेबसे म्हणाले.

मुलाचे चुलते आवाज चढवून म्हणाले, "पाव्हणं, सोयरीक मंजूर नसंल तर बराबर सांगा. आम्ही जल्दी निघतो, गाडी हाय." अण्णांकडे बघून रागही आला आणि रडूही. एवढ्याशा चिमटीने कुणाचा अंगठा जातो! दाराआडून आईचाही धीर सुटला. समोर कोण बसलं आहे हे विसरून ती म्हणाली, "घ्या म्हणते ना मी! उद्या विटकरी झालं तर होऊ द्या!"

मुलाच्या वडलांचा हात तसाच थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"विटकरी?" ते हळूच म्हणाले. "पाव्हणं, तुमच्याकडंबी निळी बाटली हाय काय?"

अण्णांनी मान खाली घातली. "हाय. पर पोरीला काई न्हाई. तिला बोल लावू नका."

त्यावर त्या गृहस्थांनी उपरण्याचा सोगा उलगडला. आत अण्णांनी दिलेला पेढा जसाच्या तसा! "मीबी लपवूनच राह्यलो," ते म्हणाले, "पोराची सोयरीक मोडंल म्हणून." दोघांचा डॉक्टरही एकच निघाला. दोघंही चोरून जात, म्हणून तिथे कधी गाठ पडली नव्हती. मग जो हशा पिकला, त्यात रागावलेले चुलतेही सामील झाले. पण तोंड तर गोड करायलाच हवं होतं. आईने आतून तव्यावरची कारल्याची काचरी पाठवली आणि ती दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना भरवली. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

लग्न होऊन मी जालन्याला आले. पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी नळी माझ्या हातात दिली. "सूनबाई, तुमचा हात बसलेला हाय म्हणं." मी ती दिव्यावर धरली आणि मला एकदम रडू कोसळलं. इथे मी आहे, पण तिकडे अण्णांची नळी कोण धरत असेल? आई तर त्या बाटलीकडे बघतसुद्धा नव्हती. दिवाळीला अण्णा येणार होते, त्या दिवशी सासऱ्यांनी सासूबाईंना आणि मला टांग्यात बसवून स्टेशनवर नेलं.

गाडी थांबली. अण्णा डब्याच्या दारातच उभे होते. कशी आहेस नाही, काही नाही. मला बघताच साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "निळं! तुझी आईच बघती आता!"

माझ्या मागून सासरे तितक्याच मोठ्याने ओरडले, "आमचं हिरवं!"