भोंगा नसलेलं गाणं

एकोडीच्या अमर कापगतेला पंचक्रोशी दोन गोष्टींसाठी ओळखते. एक म्हणजे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुसरी म्हणजे ‘चिखला जोडी पुन्हा गाणं काढणार की नाही’ या प्रश्नावर चालणारा त्याचा शब्द. पहिल्या गोष्टीवर घर चालतं, म्हणून त्याची बायको दामिनी तिच्याबद्दल आदरानं बोलते. दुसरीबद्दल ती बोलत नाही, फक्त जेवणाचं ताट जरा जोरात ठेवते.

ज्यांच्या लग्नात डीजे वाजला नाही, त्यांना चिखला जोडी कोण हे सांगावं लागेल. दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे ते दिवस. तुमसरकडून एक गाणं हातोहात फिरत साकोलीपर्यंत आलं. त्याला शब्द नव्हते, गायक नव्हता. नुसता कॅसिओ, खाली छातीत धडकणारा ठोका, आणि मधेच धानाच्या रोवणीच्या वेळी बाया गातात तसली एक चाल. फाइलचं नाव होतं ‘चिखला १’, तिकडच्या खाणीच्या गावावरून. मग दोन आलं, मग तीन. वराती त्या तीन गाण्यांशिवाय हलेनात. तिसऱ्याच्या सुरुवातीला एक पुरुष विचारतो, “चालू काय?” आणि कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, “चालू.” तेवढ्यावरून ते दोघे असल्याचं ठरलं आणि जोडी हे नाव पडलं. त्यानंतर ती जोडी जी गप्प झाली ती झालीच.

माणूस गप्प बसला की लोक त्याच्या वाट्याचंही बोलतात. चाहत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, अमर त्याचा अॅडमिन झाला. एकाचं म्हणणं, दोघांपैकी एक दुबईला गेला. दुसऱ्याचं म्हणणं, दोघांत भांडण झालं आणि आता एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. दिवाळी सरून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, जवळ आल्या की ग्रुपला ताप चढे: यंदा येणार, नक्की येणार, तुमसरच्या एका डीजेवाल्यानं गालात हसून दाखवलं म्हणजे येणारच. दोघे कसे दिसत असतील यावर मात्र एकमत होतं. लांब केसांची दोन पोरं, काळा चष्मा, कोणाशी बोलत नाहीत.

आता नाव झालं की नक्कल आलीच. कोणीही उठावं, काहीही ठोकावं आणि त्याला ‘चिखला ४’ म्हणून सोडावं. अशा वेळी सगळा जिल्हा अमरच्या तोंडाकडे पाही, कारण परीक्षा त्याच्याकडे होती. खऱ्या तिन्ही गाण्यांच्या सुरुवातीला मॅंगनीजच्या खाणीचा पाळी बदलायचा भोंगा लांबून ऐकू येतो. हे हेरलं अमरनं. तो भोंगा म्हणजे जमिनीखाली राबणाऱ्या माणसांना जोडीनं केलेला सलाम आहे, हेही त्यानंच सांगितलं. मग काय, कोणतंही नवं गाणं आलं की अमर त्याची सुरुवात ऐके आणि आवाजी निरोप धाडे: “डुप्लिकेट आहे, जी. भोंगा कुठी आहे?” की लगेच सगळे पुसून टाकत. पुढे पुढे तर सुरुवातीच्या पलीकडे ऐकायची त्याला गरजच उरली नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारा माणूस अख्खी हंडी कशाला उपसेल?

एकदा एका अनोळखी नंबरानं ग्रुपवर लिहिलं होतं की भाऊ, हे आमचंच आहे. त्यावर लोक दिवसभर हसले आणि संध्याकाळी अमरनं त्या नंबराला बाहेरचा रस्ता दाखवला.

यंदाच्या मंडईला अमर कोंढ्याला गेला. तिथं त्याची मोठी बहीण आनंदाबाई दिलेली आहे. मंडईचा दिवस म्हणजे गावात ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. दुपारी दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि मधल्या वेळेत पाहुण्यानं शेजारच्या घरी चहाला गेलंच पाहिजे. न गेला तर शेजारी वर्षभर बहिणीला ऐकवतात. आनंदाबाईनं त्याला पलीकडच्या घनश्यामकडे जायला सांगितलं. आधी मॅंगनीजचा ट्रक चालवायचा, आता इथं धान करतो, स्वभावानं गरीब आहे, असं तिनं बजावलं.

अमर अंगणात शिरला आणि जागीच थांबला. आतून कॅसिओ वाजत होता. सुरुवातीची चाल त्याच्या ओळखीची होती. मागच्या वर्षी त्यानंच डुप्लिकेट ठरवलेलं ‘चिखला ६’. अमरला वाटलं, हे लोण इथवर पोचलं. मंडईचा दिवस, शेजाऱ्याच्या घरचा चहा, हे सगळं विसरून त्यानं दारातूनच समज द्यायला सुरुवात केली. हे वाजवू नका, हे डुप्लिकेट आहे, खऱ्याला भोंगा असते.

कॅसिओ थांबला. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या घनश्यामनं मान वर केली. तो अमरच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता, आवाज तपासत होता.

“तुमी एकोडीचे अमरभाऊ काय जी?” त्यानं विचारलं.

या परक्या गावातही आपलं नाव पोचलं म्हणून अमरला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात आतून घनश्यामची बायको मोना बाहेर आली. पदर खोचलेला, वाजवताना किणकिणू नयेत म्हणून काढून ठेवलेल्या बांगड्या आता पुन्हा भरत होती. तिनं नवऱ्याकडे पाहून हलक्या आवाजात विचारलं, “तेच होत काय?”

तो हलका आवाज अमरनं हजारदा ऐकला होता. वरातीत, दुकानात, झोपताना कानात. ‘चालू’ म्हणणारा. तो ओसरीच्या कडेला बसला. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळसा त्यानं स्वतःच्या हातानं ग्रुपबाहेर काढला होता.

मग चहा आला आणि घनश्यामनं सगळं सांगितलं, कसलाही राग न धरता, त्यामुळे ते ऐकणं आणखी जड गेलं. चिखल्याला तो भाड्याच्या खोलीत राहायचा. कॅसिओ मोनाचा, माहेराहून आणलेला. चाली तिच्या, ठोका त्याचा. वायर नव्हती, म्हणून स्पीकरच्या बॉक्ससमोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करायचे. तो ट्रक लावून घरी यायचा आणि दोघे बसायचे तीच खाणीची पाळी बदलायची वेळ, म्हणून भोंगा आत यायचा. तो काढता येत नव्हता, नाही तर काढलाच असता. त्याचा म्हातारा बाप आजारी पडल्यावर दोघे कोंढ्याला आले. इथं भोंगा कुठला? पण गाणी होतीच. चार, पाच, सहा, सात. प्रत्येक वेळी मोना दोन-दोन महिने चालीला लागायची. प्रत्येक वेळी अमरचा निरोप फिरत फिरत त्यांच्यापर्यंत यायचा, आणि डीजेवाले गाणं परत करायचे. सातव्यानंतर मोनानं कॅसिओ बोऱ्यात बांधून माळ्यावर टाकला. आज पाहुणे येणार म्हणून तो खाली काढला होता. उद्या तो त्यांच्यासोबत तिच्या भाचीकडे कायमचा जाणार होता.

अमरला शरम वाटली. ज्या गाण्याची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली, ते चार वेळा दारात येऊन गेलं होतं आणि प्रत्येक वेळी दार लावणारा तोच होता. आता काही करून तो कॅसिओ या घरातून जाता कामा नये, एवढंच त्याला कळत होतं. आणि जन्मभर दुरुस्ती केलेल्या माणसाला सुचावा तसाच उपाय त्याला सुचला. जुन्या गाण्यातला भोंगा कापायचा, नव्या चारही गाण्यांच्या पुढे जोडायचा, पाच मिनिटांचं काम. लोक डोक्यावर घेतील.

मोना हसली नाही. “भाऊ,” ती म्हणाली, “मंग ते डुप्लिकेट होईन.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच, दोघांसमोर, ग्रुपला निरोप बोलला. मी चुकलो, चार ते सात सगळी खरी आहेत, मी स्वतः त्यांच्या घरी बसलो आहे, दोघे नवरा-बायको आहेत, भोंगा हा सलाम नव्हता, ती नुसती पाळी बदलायची वेळ होती. सोबत चारही गाणी पुन्हा पाठवली.

ग्रुपवर एकच गिल्ला झाला. कोणी म्हणालं, अमरभाऊचा मोबाइल कोणाच्या तरी हाती लागला. कोणी म्हणालं, कोंढ्याच्या मंडईत मोहाची चांगली मिळते वाटते. एका जाणत्यानं शांतपणे अमरचाच नियम अमरला शिकवला: भोंगा कुठी आहे? जोडीतली एक बाई असूच शकत नाही, यावर तर सगळ्यांचं पूर्वीसारखंच एकमत होतं. जे दोघे-तिघे त्याच्या बाजूनं उभे राहिले, त्यांनीही वाट पाहून शेवटी विचारलंच, भाऊ, खरंच भेटले असान तं एवढं विचारा, नवीन गाणं कधी काढून राहिले?

अमरनं ते मोठ्यानं वाचलं. वाचताना त्याला वाटलं की घनश्याम आता तरी चिडेल. घनश्यामनं सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

“सांगा त्यायले,” तो म्हणाला, “आमी तं काढूनच राहिलो होतो. ऐकनारा पायजे ना जी.”

पलीकडे दंडारीचा ढोल सुरू झाला होता आणि आनंदाबाई कुंपणावरून हाका मारत होती. अमर उठला नाही. त्यानं मोबाइल बंद केला आणि खिशात टाकला. सहा नंबर डुप्लिकेट आहे हे त्यानं सगळ्या जिल्ह्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, पण त्या गाण्याच्या मध्यावर काय होतं, शेवट कसा होता, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

“वयनी,” तो म्हणाला, “पहिल्यापासून वाजवा. मी हे ऐकलंच नाई.”