रजतचं आभाळ

परतूरला स्टेशन रोडवर भागवतभाऊचा फोटो स्टुडिओ आहे. तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आधी याच्या फ्लॅशचा उजेड पडलेला. माणूस गुणी, मेहनती. दुखणं एकच, आणि त्या दुखण्याचं नाव रजत.

रजत म्हणजे बाजारातल्या बद्रीनारायणशेठच्या कापड दुकानाचा वारस. दुकानात बसायचं सोडून त्यानं भारी कॅमेरा घेतला आणि लग्न ठरलेल्या जोड्यांना कोकणात नेऊन मावळतीचे फोटो काढू लागला. वाटूरच्या एका लग्नात ते मोठ्या पडद्यावर दाखवले. केशरी पाणी, जांभळं आभाळ, नवरीचा उडणारा झगा. लोक ताटावरून उठून पाहायला आले. भागवतभाऊ तेव्हा स्टेजवर फोटो काढत होता. त्याच्याकडं पाहायला नवरदेवसुद्धा तयार नव्हता. तोही मान वळवून पडदाच पाहत होता.

"रंग भरेल हाय सगळा," दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भागवतभाऊ म्हणाला. "कंप्युटरवर. असलं आभाळ असतंय का कुठं?"

"मंग तुम्ही पण भरा की," मी म्हणालो.

"मी फसवणूक करीत न्हाई."

एवढं बोलून त्यानं रजतचं स्टेटस पुन्हा उघडलं आणि बोटांनी मोठं करून एकेक लाट तपासू लागला.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. दुधनेच्या धरणावर एका जोडीला नेऊन समुद्र करून पाहिला. फोटो चांगला आला, फक्त लाटेच्या जागी म्हैस बसली होती.

मग माझ्या चुलतभावाचं, राधेश्यामचं, शीतलशी लग्न ठरलं. भागवतभाऊ घरी येऊन बसला. "समुद्राचा फोटो मीच काढणार. गाडीचा खर्चा तेवढा द्या. फोटो काढायला रजतला बोलावलं तर मी लग्नाला पाय ठेवणार न्हाई."

घरचे हो म्हणाले. पण लग्नाआधी दोघांनाच कसं पाठवायचं? म्हणून द्वारकाआत्या निघाली. आत्या निघाली म्हणून अप्पारावमामा निघाले. मग शीतलचे काका-काकू कसे मागं राहतील? दिवेआगरला पोचलो तेव्हा गाडीतून वऱ्हाडच उतरलं.

आभाळ खरंच तसं होतं. केशरी, कडेला गुलाबी, पाण्यावर सगळं सांडलेलं. कुणी काही भरलेलं नव्हतं. भागवतभाऊचा चेहरा पडला. रजत खरं दाखवत होता, हे पचायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात सूर्य हातभर खाली आला.

जोडी पाण्याच्या कडेला उभी राहिली. शीतलचा पदर वाऱ्यावर. एक फोटो झाला, तो नुसता उजेडाचा अंदाज घ्यायला; त्यात दोघं काळीच आली. अन् कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवून भागवतभाऊ मोठ्यानं ओरडला, "चला, मामाकडले या!"

इतक्या वर्षांची सवय. स्टेजवर जोडीचा फोटो झाला की हेच ओरडायचं असतं. तोंडातून निघून गेलं. आणि आमच्याकडं मामाला एकदा बोलावल्यावर 'राहू द्या' म्हणायची सोय नसते. मामा रुसला की लग्न होईपर्यंत त्याची समजूत काढावी लागते. अप्पारावमामा टोपी सावरत पुढं झाले. त्यांच्यामागं काका-काकू, अन् आत्या.

"आत्या, इकडं पाहा, इकडं!" सूर्य पाण्याला टेकत आला होता.

"देवाकडं पाठ करून उभी राहू का रे?" द्वारकाआत्या म्हणाली आणि समुद्राकडं तोंड करून तिनं हात जोडले. तिनं जोडले म्हणून मामांनी, मग सगळ्यांनीच. नवरानवरीसुद्धा वळली. भागवतभाऊपुढं नुसत्या पाठीच पाठी.

"कॅमेरा इकडं हाय हो!"

कुणी वळेना. रागाच्या भरात त्यानं बटन दाबलं. आणखी एका फोटोला सूर्य थांबला नाही.

परतताना तो एकदाच बोलला. "रजत मामाला नेत न्हाई. हुशार हाय."

लग्नात पडद्यावर लावायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तोच फोटो लावला. ओलं लुगडं, टोप्या, जोडलेले हात, पलीकडं लाल झालेला समुद्र. लोक आधी हसले, मग ताटावरून उठून जवळ आले. रजत दुकानाकडून आहेर घेऊन आला होता. तो पडद्यासमोरून हलेना.

"भागवतभाऊ, हा अँगल कसा सुचला?"

"सुचत राह्यतं," भागवतभाऊ म्हणाला आणि पंगतीत जाऊन त्यानं जिलेबी मागून घेतली.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग रजतच्या स्टेटसला त्याची आजी आली, सुगनबाई. पाठमोरी, ओढणी वाऱ्यावर, समोर मावळता सूर्य.

"चोर!" भागवतभाऊनं मोबाइल माझ्यापुढं आपटला. मग उचलला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "पण उभी काय केली साल्यानं. ओढणीतून उजेड येऊन राह्यला बघ."

संध्याकाळी तो द्वारकाआत्याच्या दारात हजर. "आत्या, पुन्हा येता का समुद्राला? एकट्या तुमचाच काढतो."

"येईन की. पण या खेपेला माझं तोंड आलं पाह्यजे. लग्नात जो तो इचारीत होता, ही बाई कोण म्हणून. हात आधी जोडून घेते, मंग वळते."

"बराबर, आत्या. तोंडच काढू."

म्हणाला खरा. पण बोलता बोलता तो आत्याच्या मागं जाऊन उभा राहिला होता.